उचल तिप्पट कशी झाली?

पट्ट्या 3, उचली 2. एका बागायतदाराचा एवढाच हिशेब, पण माझ्या क्वेरीने त्याची उचल तिप्पट करून ठेवली आणि पट्ट्यांची रक्कम दुप्पट.

मी रत्नागिरीत एका आंबा व्यापाऱ्याकडे डेटाबेस सांभाळतो. बागायतदारांचा हापूस पेट्यांत भरून वाशीला जातो, तिथून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते आणि हंगामाआधी दिलेली उचल तिच्यातून वळती होते. बागायतदार, पट्टी, उचल अशी तीन टेबलं. मी तिन्ही जॉइन करून बेरीज मागितली. प्रत्येक पट्टीला प्रत्येक उचल चिकटली, तीन दुणे सहा ओळी झाल्या. संगणकाने सांगितलेलं काम इमानाने केलं होतं.

"अरे, एवढी उचल घेतली असती तर शेजारची बाग नसती का घेतली?" त्या बागायतदार काकांनी कागद माझ्यापुढे टाकला. तेव्हा चूक दिसली. समजली मात्र नाही. मी बेरजेत डिस्टिंक्ट घातलं, आकडा जुळला आणि मी सुटलो. मग दुसऱ्या एका बागायतदाराच्या दोन पट्ट्या योगायोगाने सारख्याच रकमेच्या निघाल्या. डिस्टिंक्टने त्यातली एक गिळली. या वेळी तक्रार यायच्या आत मला सापडलं, हे माझं नशीब.

आता शिकायलाच हवं होतं. माझी मजल एमएससीआयटी आणि डिप्लोमातल्या प्राथमिक एसक्यूएलपर्यंत. पुन्हा पहिलीत बसायला कमीपणा वाटला, म्हणून नावात 'अ‍ॅडव्हान्स्ड' असलेला पुण्याचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. निघालं ते डीबीएचं काम: इन्स्टॉलेशन, बॅकअप, कोणाला कसले अधिकार द्यायचे. शिकवणारे चांगले होते, मीच भलत्या वर्गात बसलो होतो. अभ्यासक्रम त्यांनी आधीच पाठवला होता. मी तो फी भरल्यावर वाचला.

नंतर व्हिडिओ सुरू झाले. ते दीडपट वेगाने बघायचो आणि सगळं समजतंय असं वाटायचं. विंडो फंक्शन्स पाहून तर हरखलोच. ऑफिसात जाऊन लिहिलं तर सिंटॅक्स एरर! तिथे मायएसक्यूएल 5.7 होतं आणि विंडो फंक्शन्स आली ती 8.0 मध्ये, म्हणजे 2018 साली. आपल्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे, एवढंही मी पाहिलं नव्हतं.

उपयोगी पडली ती पोस्टग्रेसक्यूएल एक्सरसाइजेस ही फुकटची साइट. एका क्लबचे सभासद, तिथल्या सुविधा आणि बुकिंग, अशी तीनच टेबलं. प्रश्न देतात, उत्तर आपण लिहायचं, चुकलं की तिथल्या तिथे कळतं. सभासद म्हणजे आमचे बागायतदार, बुकिंग म्हणजे पट्टी, असं मनाशी धरून लिहायला लागलो. सबक्वेरीच्या प्रश्नांशी झगडताना डोक्यात उजेड पडला: निकालातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे मी कधी ठरवतच नव्हतो. मला हवी होती एका बागायतदाराला एक ओळ. म्हणजे पट्ट्यांची बेरीज आधी बागायतदारवार करायची, उचलींची वेगळी करायची, आणि मग त्या दोन बेरजा जोडायच्या. ज्याने उचल घेतलीच नाही तो गळू नये म्हणून लेफ्ट जॉइन. यात नवा शब्द एकही नव्हता, सगळे डिप्लोमात शिकलेलेच. 'अ‍ॅडव्हान्स्ड'ची फी अजून डाचते ती त्यामुळेच.

परवा उचल न घेतलेल्यांची यादी हवी होती. नॉट इन लावलं, यादी पूर्ण रिकामी. उचलीच्या एका नोंदीत बागायतदाराचा क्रमांक टाकायचा राहून गेला होता. तिथे नल होतं, आणि यादीत एक जरी नल आलं तरी नॉट इन कोणालाच आत घेत नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहिल्यावर नावं आली. ती बिननावाची उचल कोणाची, हे अजून सापडलेलं नाही. नोंद माझ्याच हातची आहे आणि शेठना सांगायचं राहिलंय.