‘कांहीं’वरचे दोन अनुस्वार

दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखांमधली नावं, सनावळ्या आणि अवतरणं तपासणं हे माझं गेल्या अठरा वर्षांचं काम. संपादकांचं वाचून झालं की लेख माझ्याकडे येतो आणि मी प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारते. पूर्वी यासाठी ग्रंथालयाच्या खेपा व्हायच्या. आता निम्म्याहून अधिक शोध नेटवरच होतो. तिथे कसं शोधायचं, हे मला एका वाक्याने शिकवलं.

एका लेखकांनी ते वाक्य एकोणिसाव्या शतकातल्या एका सुधारकाचं म्हणून दिलं होतं. मूळ कुठलं, असं विचारल्यावर म्हणाले, “अहो ताई, गूगलवर टाका, शंभर ठिकाणी मिळेल.” टाकलं. खरंच ढिगाने मिळालं. पण वाचता वाचता लक्षात आलं, की बहुतेक ठिकाणी एकाच शब्दातली वेलांटी चुकलेली आहे. एवढी माणसं आपापली लिहीत असती तर एकाच जागी सारखी चुकली नसती. म्हणजे साक्षीदार शंभर नव्हतेच. एकाने लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी त्याचं उतरवून घेतलं होतं. शोधाला तारखेची मर्यादा घालून जुन्यात जुनं पान काढलं, तर तिथेही ग्रंथाचं नाव नव्हतं.

मग जुन्या पुस्तकांतच शिरायचं ठरवलं. इंटरनेट अर्काइव्हवर मराठीतली कितीतरी जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. तिथल्या शोधपेटीत नुसतं टाइप केलं तर ग्रंथाचं नाव, लेखक एवढंच धुंडाळलं जातं. आतल्या मजकुरात शोधण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो निवडूनही हाती काही लागेना, आणि बऱ्याच वेळाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आजच्या शुद्धलेखनात विचारत होते. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचे नियम आले 1962 साली. त्याआधीच्या पानांवर ‘काही’ नसतं, ‘कांहीं’ असतं. तसंच ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यामुळें’. आपल्या डोळ्यांना तो एकच शब्द वाटतो, यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे. त्यात स्कॅन वाचताना यंत्र ‘घ’चा ‘ध’ करतं, ‘भ’चा ‘म’ करतं. म्हणून अख्खं वाक्य टाकण्यात अर्थ नसतो. लागोपाठचे तीन-चार शब्द घ्यायचे, शक्यतो कमी वापरातले, त्यांना अवतरणचिन्हांत बसवायचं आणि त्या काळचा खिळे जुळवणारा जसे जुळवील तसे ते लिहायचे.

वीसेक रूपं टाकून झाली. ‘कांहीं’वर दोन्ही अनुस्वार दिले तेव्हा पान उघडलं. पिवळट, कडेला वाळवीची नक्षी. वाक्य जसंच्या तसं होतं, लेखक तोच सुधारक. पण ते त्याचं मत नव्हतं. विरोधकांचं म्हणणं म्हणून त्याने ते आधी मांडलं होतं आणि पुढची दोन पानं ते खोडून काढलं होतं. आज मात्र ते त्याच्या तसबिरीखाली छापलं जातं. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं.

कधी याच्या उलटही घडतं, दोन नोंदी जुळत नाहीत आणि तरी दोन्ही खऱ्या असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 21 एप्रिल 1913चा असं एकीकडे सापडतं, 3 मे 1913चा असं दुसरीकडे. नवखा तपासनीस यांतली एक तारीख खोडतो. खरं तर आधीची तारीख मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी झालेल्या खेळाची, नंतरची कॉरोनेशनमध्ये तिकीट लावून सुरू झालेल्या खेळांची. म्हणून मी शोधताना नुसतं ‘प्रदर्शन तारीख’ टाकत नाही, ‘ऑलिंपिया’ आणि ‘कॉरोनेशन’ हे शब्दही टाकते. उत्तर ज्या पानावर असेल, त्या पानावर कुठले शब्द असतील याचा आधी अंदाज बांधायचा. माझा निम्मा वेळ त्यातच जातो.

आणि काहीच मिळालं नाही, तरी ते नाहीच असं समजू नये. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेल्या कितीतरी पीडीएफ फायली पडून आहेत. उघडल्या की स्वच्छ मराठी दिसतं, पण आत यंत्राला रोमन अक्षरांची गिचमिड लागते. तिथे शोध पोचतच नाही. मग ग्रंथपालांना फोन करायचा.

हे सगळं अंकापुरतं आहे असं मला वाटायचं. मग आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी बँकेचा मदत क्रमांक नेटवर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. समोरच्याने गोड बोलून ओटीपी काढून घेतला. चाळीस हजार गेले. खरा क्रमांक कार्डाच्या मागेच छापलेला होता. तेव्हापासून सोसायटीत कुणी मोबाइल पुढे करून “हे खरं आहे का हो?” विचारलं, तर हातातलं काम ठेवून मी त्यांच्याबरोबर बसते. पान कुणाचं, पत्ता काय, बाजूला ‘प्रायोजित’ लिहिलंय का, हे दोघं मिळून बघतो.

त्या लेखकांना मी ते पिवळट पान आणि पुढची दोन पानं पाठवली. रात्री त्यांचा फोन आला. परिच्छेद त्यांनी नव्याने लिहायला घेतला होता, आणि सुधारकाने विरोधकांना दिलेलं उत्तर त्यांना त्याच्याच शुद्धलेखनात, सगळ्या अनुस्वारांसकट छापून हवं होतं.