बुऱ्हाणपूरच्या नावातील ऱ

आम्ही व्यवसायाने वकील. बुऱ्हाणपूरच्या न्यायालयात कामकाज हिंदीत चालते आणि तेथे आमच्या शहराचे नाव ‘बुरहानपुर’ असे लिहिले जाते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ते हिंदीचे रूप आहे. घरी मात्र आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘बुऱ्हाणपूर’ लिहीत आलो. या अर्ध्या ‘ऱ’साठी आपल्याला कधी झगडावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

आमचा पुतण्या आठवीत आहे. मुलांना पायथन ही संगणकभाषा शिकवणाऱ्या एका मुक्तस्रोत प्रकल्पाचे मराठी धडे तो सोडवीत होता. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. त्याने हौसेने चलाचे नाव ‘बुऱ्हाणपूर’ ठेवले, आणि संगणकाने चूक दाखवली. तेच नाव आम्ही आमच्या यंत्रावर टंकले, तर आज्ञावली सुरळीत चालली. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी. पुतण्या म्हणाला, “काका, माझ्या कॉम्प्युटरला आपलं गावच मान्य नाही.”

पक्षकाराने असे म्हटल्यावर वकिलाला स्वस्थ बसवत नाही. शोध घेता कारण सापडले. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ आणि हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ला स्वतंत्र जागा आहे. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. हा युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण पायथन चलाच्या नावात ते अदृश्य चिन्ह चालू देत नाही. पुतण्याचा कळफलक नेमका दुसऱ्या प्रकारचा होता.

याहून गंभीर गोष्ट पुढे दिसली. धड्यांतील उत्तरे तपासणारी आज्ञावली दोन शब्द केवळ संकेतांनी ताडून पाहत होती. त्यामुळे ‘वऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हाड’ असे बिनचूक उत्तर लिहिणारे मूलही चुकीचे ठरत होते. अशा वेळी मूल कळफलकाला दोष देत नाही. आपले मराठीच चुकले, असे समजते.

आम्ही दुरुस्ती लिहून पाठवली. ती जेमतेम बारा ओळींची होती: विद्यार्थ्याचे लेखन हाती येताच जोडचिन्हाचा प्रकार ‘ऱ’च्या प्रकारात बदलावा आणि मगच पुढचे काम करावे. प्रकल्पाच्या संपादकांनी रास्त शंका काढली: युनिकोडचे प्रमाणीकरण हे काम करीत नाही काय? आम्ही चाचण्यांनिशी दाखवले की, प्रमाणीकरण ‘ऱ’ आणि नुक्ता जोडलेला ‘र’ यांना एक करते. जोडचिन्हाच्या प्रकाराला हातही लावत नाही. त्यांची दुसरी शंका अशी की, या बदलाने इतर शब्द बिघडतील काय? त्यासाठी आम्ही ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी पुढे केली. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या आमच्या सातपुड्यात आहेत. पहिला शब्द तसाच राहावा आणि दुसऱ्याची दोन्ही रूपे एक व्हावीत, अशी चाचणी जोडली. दुरुस्ती स्वीकारली गेली.

दोन प्रकारे लिहिलेले नाव एकाच व्यक्तीचे आहे, अशी प्रतिज्ञापत्रे आम्ही आयुष्यभर तयार केली. हे तसलेच काम होते. फरक इतकाच की, या वेळी पक्षकार एक अक्षर होते.

नेदरलँड्समधील फेलिएन हर्मन्स यांनी सुरू केलेली ‘हेडी’ ही मुक्तस्रोत शिक्षणभाषा हिंदीसह अनेक भाषांतील आज्ञाशब्द स्वीकारते. ज्या भाषेचे लोक असे काम अंगावर घेतात, ती भाषा तेथे पोहोचते. बेळगाव, निपाणी, भालकी, कारवार येथील आमच्या बांधवांना विनंती आहे. आपल्या गावांची आणि आडनावांची नावे अशा धड्यांत टंकून पाहा. जेथे अडेल, तेथे नेमका शब्द आणि कळफलकाचा प्रकार लिहून प्रकल्पाला कळवा. त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही.

पुतण्याची आज्ञावली आता चालते. त्याचा पुढचा प्रश्न तयार आहे: ‘बुऱ्हाणपूर’ या नावात अक्षरे पाच दिसतात, मग पायथन ती दहा का मोजतो? त्याविषयी पुढील लेखात.