काश्मिरी गेट ते दिलशाद गार्डन : रदबदलीची वाट

दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या आणि लाल या दोन मार्गिका काश्मिरी गेट स्थानकात एकत्र येतात, आणि अशांततेच्या काळात ख्रिस्ती समाजाने या शहरासाठी केलेल्या प्रार्थनेचा इतिहास ज्याला जागोजागी जाऊन पाहायचा असेल, त्याने याच स्थानकापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या आणि ईश्वराच्या मध्ये उभे राहून केलेल्या विनवणीला ख्रिस्ती उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. मराठी बायबलच्या वाचकांना तिच्यासाठी रदबदली हा शब्दही परिचित आहे. सदोम नगर वाचावे म्हणून पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येत देवाशी बोलणारा अब्राहाम हे तिचे जुने उदाहरण होय. बाबेलात बंदिवान झालेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र धाडले आणि ज्या नगराने त्यांना कैद केले त्याच नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करण्यास सांगितले, हे दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण विरुद्ध बाजूच्या माणसाला प्रार्थनेत जागा आहे की नाही, यावरच रदबदलीचा खरा कस लागतो.

स्थानकापासून थोड्याच अंतरावर लोथियन रोडवर सेंट जेम्स चर्च उभे आहे. ते बांधणारा कर्नल जेम्स स्किनर हा स्कॉटिश पिता आणि राजपूत माता यांचा पुत्र. त्याची उमेदीची वर्षे शिंद्यांच्या फौजेत गेली आणि १८०३मध्ये इंग्रज-मराठे युद्ध पेटल्यावर त्याला ती चाकरी सोडावी लागली. राजपुतान्यातील उणियाऱ्याच्या लढाईत तो जखमी होऊन रणांगणावर पडला असता, वाचलो तर चर्च बांधीन असा नवस त्याने केला, अशी परंपरा सांगितली जाते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांच्या हस्ते २१ नोव्हेंबर १८३६ रोजी या वास्तूचा अर्पणविधी झाला आणि स्किनरची कबरही याच वास्तूत आहे.

मात्र या चर्चमध्ये स्किनरपेक्षा आठवावा असा माणूस म्हणजे मास्टर रामचंद्र. दिल्ली कॉलेजातील या गणितशिक्षकाच्या महत्तम-लघुतम मूल्यांवरील ग्रंथाची दखल लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन यांनी घेतली होती. जुलै १८५२मध्ये रामचंद्र आणि डॉक्टर चमनलाल यांचा येथे बाप्तिस्मा झाला. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई शहरात शिरले, तेव्हा चमनलाल मारले गेले आणि रामचंद्र लपून बचावले. सप्टेंबरमध्ये काश्मिरी दरवाजा उडवून इंग्रज फौज आत आली, तेव्हा त्याच रामचंद्रांना इंग्रज अधिकाऱ्यांकडून मार खावा लागला. बंडवाल्यांनी ख्रिस्ती म्हणून द्वेष केला तो एक वेळ सोसता आला, पण स्वधर्मीयांनी केवळ कातडीच्या रंगावरून मारावे हे सोसवत नाही, या आशयाची लेखी तक्रार त्यांनी केली. दोन्ही बाजूंनी घाव सोसलेल्या या माणसाच्या तक्रारीत त्या वर्षाचे जितके सत्य आहे, तितके त्या काळच्या अनेक प्रवचनांत नाही. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ब्रिटनभर राणीच्या घोषणेनुसार उपवास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. दिल्ली पडल्याची बातमी तेव्हा तेथे पोचलीही नव्हती. काही धर्मोपदेशकांनी त्या दिवशी आपल्याच राज्यकारभाराच्या पापांवर बोट ठेवले, परंतु अनेक व्यासपीठांवरून शिक्षेचीच भाषा झाली, आणि सूड मागणाऱ्या विनवणीला रदबदली म्हणता येत नाही.

पिवळ्या मार्गिकेवर पुढचेच स्थानक चांदनी चौक. फतेहपुरी मशिदीपासून जवळ, चर्च मिशन रोडच्या गजबजाटात, १८६२चे सेंट स्टीफन चर्च आहे. दिल्ली मिशनचे पाद्री जेनिंग्ज १८५७मध्ये मारले गेल्यानंतर मिशनने पुन्हा उभारी घेतली तेव्हाची ही वास्तू. ज्या स्तेफनाचे नाव तिला दिले आहे तो ख्रिस्ती परंपरेतील पहिला हुतात्मा, आणि आपल्यावर दगड टाकणाऱ्यांना हा दोष लागू नये, अशी विनवणी करीत तो मेला. संहारानंतर अवघ्या पाच वर्षांत हे नाव दिल्लीत भिंतींवर चढले, ही गोष्ट रामचंद्रांच्या तक्रारीशेजारी ठेवून वाचावी.

पिवळ्या मार्गिकेने पटेल चौकात उतरल्यावर गोल डाकखान्याजवळ सेक्रेड हार्ट कॅथेड्रल लागते. येथील मिस्सेत, म्हणजे कॅथलिक मुख्य उपासनेत, प्रवचनानंतर ‘विश्वासूंची प्रार्थना’ होते. शतकानुशतके लोपलेला हा भाग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये पुन्हा आणवला. तिच्यात प्रथम चर्चसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी, मग पीडितांसाठी आणि सर्व मानवजातीसाठी मागणे मागितले जाते. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याचा दंडक पौलाच्या तिमथ्याला लिहिलेल्या पत्राइतका जुना आहे, आणि तो रोमी सम्राटांच्या राज्यात घालून दिलेला आहे. तरीही ८ मे २०१८च्या पत्रात दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी देशातील अस्वस्थ राजकीय वातावरणाचा उल्लेख करून, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत दर शुक्रवारी निदान एक जेवण सोडावे आणि पवित्र तास, म्हणजे पवित्र भाकरीसमोरची तासभराची आराधना, पाळावा असे सुचवले, तेव्हा उठलेल्या वादात या प्रथेचे वय विसरले गेले. पत्रातील राजकीय शब्दांवर मतभेद समजण्यासारखा आहे. पण देशासाठी उपाशी राहणाऱ्यांवर देशविरोधाचा संशय घेणे अन्यायाचे होते. याच प्रांगणाबाहेर फेब्रुवारी २०१५मध्ये दिल्लीतील चर्चवरील हल्ल्यांच्या निषेधार्थ जमलेल्या अनेकांना पोलिसांनी ताब्यात घेतले होते. २०२३मध्ये मैतेई आणि कुकी या समाजांतील हिंसाचाराने मणिपूर पेटल्यावर देशातील कॅथलिक बिशपांनी २ जुलैचा रविवार तेथील शांतीच्या प्रार्थनेसाठी ठेवला. कुकींप्रमाणेच मैतेई ख्रिस्ती लोकांचीही प्रार्थनामंदिरे तेथे जाळली गेली होती, त्यामुळे फक्त आपल्यांसाठी मागायचे म्हटले तरी दोन्ही समाज त्या मागण्यात येतच होते.

काश्मिरी गेटला परतून लाल मार्गिकेने पूर्वेला निघाले की यमुना ओलांडून शास्त्री पार्क, सीलमपूर, वेलकम, शाहदरा अशी स्थानके येतात. उंचावरून जाणाऱ्या गाडीतून दाट वस्तीच्या गच्च्या, त्यांवरील पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. दिलशाद गार्डनमधील सेंट सेबास्टियन चर्चचा आतला भाग १ डिसेंबर २०१४ रोजी जळून गेला. त्याच दिलशाद गार्डनमध्ये गुरु तेग बहादूर रुग्णालय आहे, आणि फेब्रुवारी २०२०च्या ईशान्य दिल्लीतील दंगलीत जखमी आणि मृत मोठ्या संख्येने तेथेच आणले जात होते. त्या दंगलीत ५३ जण मरण पावले, त्यांत हिंदू होते आणि मुसलमान अधिक होते. दंगल ओसरू लागली तो २६ फेब्रुवारी हा योगायोगाने राखेचा बुधवार होता, म्हणजे ईस्टरपूर्व चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावून माणूस मातीचा आहे आणि मातीत जाणार आहे याची आठवण दिली जाते, आणि मग नित्याच्या क्रमाने राज्यकर्त्यांसाठी व पीडितांसाठी मागणे येते. त्या क्रमात पीडिताचा धर्म नोंदवण्याची जागाच ठेवलेली नाही.