मारतहळ्ळीच्या गर्दीत काटा हलतो तेव्हा

मुंबई-पुण्याहून मोटारीने बंगळूरला निघालेल्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी जणांचा मुक्काम हल्ली मारतहळ्ळीला असतो. कुणाचा मुलगा तिथल्या संगणक कंपनीत नोकरीला असतो, तर कुणाच्या लेकीने जवळच्या व्हाइटफील्डला बिऱ्हाड थाटलेले असते. मग सुट्टी लागली की डब्यात लाडू-चिवडा, पिशवीत गोडा मसाला आणि मागच्या सीटवर नातवंडे अशी वरात निघते. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा हा सुमारे ८४० किलोमीटरचा प्रवास आहे. रस्ता उत्तम आहे. खरी परीक्षा असते ती शेवटच्या टप्प्यात. तुमकूर रस्ता सोडून बाह्य वळणरस्त्याला लागले, की हेब्बाळ, कृष्णराजपुरम, महादेवपुरा आणि मग मारतहळ्ळीचा पूल येतो. दिवसभर ऐंशी-नव्वदच्या वेगाने धावलेली गाडी इथे पावला-पावलाने सरकू लागते. आणि नेमका इथेच डॅशबोर्डवरचा एखादा काटा आपली जागा सोडतो.

"अहो, तो काटा बघा ना, मघाशी मधोमध होता!" शेजारच्या सीटवरून आवाज येतो, आणि गाडीतल्या सगळ्यांच्या गप्पा थांबतात.

नाव आणि गाव

हा काटा काय सांगतो ते पाहण्याआधी गावाची ओळख करून घेऊ. कानडीत हळ्ळी म्हणजे खेडे. मराठी कानाला मारतहळ्ळीत 'मराठा' ऐकू येतो, तर तिथले लोक हौसेने मारुत विमानाची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, विमानांचे आणि या भागाचे नाते मात्र पक्के आहे. मारतहळ्ळीहून शहराकडे जाणारा जुना विमानतळ रस्ता हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारालगत जातो. २००८ साली प्रवासी विमाने देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, तोवर बंगळूरचा विमानतळ इथेच होता.

या कारखान्याचा पाया घातला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. पुढे सरकारने ती आपल्याकडे घेतली. वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी गाड्या आपल्यापैकी अनेकांनी चालवल्या आहेत. म्हणजे विमान आणि मोटार या दोन्ही कारखान्यांमागे एकच उद्योजक. बंगळूरच्या कारखान्यात तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली आकाशात झेपावले. त्याचे रचनाकार होते डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले मराठी शास्त्रज्ञ. कुर्ट टँक या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले मारुत लढाऊ विमान १९६१ साली उडाले.

या रस्त्यावरच एचएएलचे विमान संग्रहालय आहे. ते २००१ साली सुरू झाले. मुलांना घेऊन अर्धा दिवस जरूर काढावा. विमानाच्या नाकापाशी उभे राहून मुले पंख पाहतात. मोठ्यांनी विमान चालवणाऱ्याच्या पुढ्यातल्या तबकड्यांचा विचार करावा. उंची, वेग, दिशा, चढ-उतार, तेलाचा दाब, प्रत्येकाची वेगळी तबकडी. इतके काटे कशासाठी? वैमानिकाला सुरुवातीलाच शिकवतात, की एकाच काट्यावर विसंबू नकोस. विमानाचे नाक वर झाले तर उंची वाढेल आणि वेग घटेल, दोन काटे मिळून एकच गोष्ट सांगतील. एकच काटा हलला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तर आधी त्या काट्याचीच चौकशी करायची.

मारतहळ्ळीच्या पुलाखाली अडकलेल्या डिझेल गाडीलाही हाच धडा लागू पडतो.

पाणी क्षणात तापत नाही

उष्णतेचा काटा हलला, तर सर्वांत आधी पाहायचे ते किती वेगाने हलला. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. पातेले गॅसवर ठेवले की पाणी हळूहळू तापते. इंजिनाभोवती कित्येक लिटर पाणी आणि कूलंट खेळत असते. ते दोन-चार मिनिटांत चढेल, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चढणार नाही. म्हणून काटा सावकाश वर सरकला तर इंजिन खरोखर तापते आहे असे समजावे. पण काटा टुणकन उडी मारून वर गेला आणि तसाच खाली आला, तर दोष पाण्यात नसून विजेच्या तारेत असण्याचा संभव जास्त.

त्याची खात्री करणे सोपे आहे. हेडलाइट लावल्यावर, पंखा वाढवल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर काटा हलतो का ते पाहा. हलत असेल तर अर्थिंगची तार सैल झाली असेल किंवा जोड गंजला असेल. आता शेजारच्या काट्याकडे, म्हणजे डिझेलच्या काट्याकडे नजर टाका. दोन्ही एकाच वेळी वर-खाली होत असतील तर दोन स्वतंत्र दोष एकाच क्षणी उद्भवण्यापेक्षा दोघांचा वीजपुरवठा बिघडणे अधिक शक्य आहे. जुन्या गाड्यांत या दोन्ही काट्यांना एकाच छोट्या स्टॅबिलायझरमधून वीज मिळे. घरच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरचाच तो धाकटा भाऊ. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून खोटे बोलत. हे काम किरकोळ असते. त्यासाठी रेडिएटर बदलायची गरज नाही.

डिझेलची तऱ्हा

काटा सावकाश चढला तर? इथे डिझेल इंजिनाचा स्वभाव कामी येतो. गाडी उभी असताना डिझेल इंजिन अगदी थोडे इंधन जाळते, आणि भरपूर हवेत जाळते, त्यामुळे उष्णताही थोडीच होते. सकाळच्या गारव्यात डिझेल गाडीचा काटा बराच वेळ खालीच रेंगाळतो, तो याच कारणाने. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या पहाटे चांगल्याच गार असतात. अशा वेळी काटा उशिरा वर आला तर घाबरू नये.

म्हणूनच निरोगी डिझेल गाडी गर्दीत सहसा तापत नाही. एअर कंडिशनर चालू असेल तर रेडिएटरवर गरम हवा येते, काटा किंचित चढतो, पंखा सुरू होतो आणि काटा पुन्हा जागेवर येतो. हे स्वाभाविक आहे. पण काटा चढतच राहिला, तर पंखा फिरतो आहे का ते कान देऊन ऐकावे. हमरस्त्यावर धावताना समोरून वारा लागतो, पंख्याची उणीव जाणवत नाही. मारतहळ्ळीला वारा थांबतो आणि पंख्याचे पितळ उघडे पडते.

याच्या उलटही एक प्रकार आहे. हमरस्त्यावर काटा नेहमीच्या खाली उतरतो आणि गर्दीत आल्यावर नेहमीच्या जागी येतो. लोकांना वाटते गर्दीत गाडी तापली. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो आणि धावताना इंजिन गरजेपेक्षा थंड राहते. याने गाडी रस्त्यात बंद पडत नाही, पण डिझेल जास्त जळते आणि इंजिनाची झीज वाढते. घरी परतल्यावर सवडीने थर्मोस्टॅट बदलून घ्यावा.

खाली पडलेला काटा

आता सर्वांत फसव्या काट्याविषयी. तो वर चढत जातो, तुम्ही चिंतेत असता, आणि एकदम खाली येतो. गाडीत सगळे सुटकेचा श्वास टाकतात. खरे तर काळजीची वेळ हीच. उष्णता मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर तो नीट मोजतो. पाणीच गळून गेले, तर तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन मात्र आत भाजत असते. पडताळा घ्यायचा तो हीटर लावून. इंजिन गरम असताना हीटरमधून थंड हवा आली, तर पाणी गेले असे समजावे आणि गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी. अशा अवस्थेत दोन किलोमीटर पुढे रेटल्यास हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, आणि सुट्टीचा सारा खर्च एका गॅरेजच्या बिलात बुडतो.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. प्रेशर कुकरच्या झाकणासारखेच ते आत दाब धरून ठेवते. बंगळूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते, पण दाबाखाली ते शंभरच्या बरेच पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो, आणि उकळते पाणी फवाऱ्यासारखे तोंडावर येते. शिटी न उतरवता कुकर उघडण्याची चूक कुठलीही गृहिणी करत नाही. तोच नियम इथे.

जोडीने बोलणारे काटे

इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा डिझेल गाडीत वेगळ्या तऱ्हेने चालतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी मोजून फेरे कळतात. डिझेलमध्ये ठिणगीच नसते, म्हणून जुन्या अनेक डिझेल गाड्यांत हा इशारा ऑल्टरनेटरकडून घेत. नव्या गाड्यांत त्यासाठी वेगळा सेन्सर असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर-मारतहळ्ळीच्या बाजूला रस्त्यांवर पाणी तुंबले, तशा पाण्यातून जुनी गाडी काढली की बेल्ट भिजून घसरतो आणि फेऱ्यांचा काटा थरथरतो. बेल्ट वाळला की काटा स्थिरावतो. पण फेऱ्यांचा काटा शून्यावर पडला, बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ उष्णतेचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला असण्याची दाट शक्यता आहे. अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. तिघे एकच गोष्ट सांगत असताना पुढे जाण्यात अर्थ नाही. आणि तेलाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर चर्चा न करता इंजिन बंद करावे.

मारतहळ्ळीला गॅरेज शोधायला त्रास होत नाही. हिंदी चालते, तरी दोन कानडी शब्द जवळ असावेत. पाण्याला 'नीरु' म्हणतात, आणि गरम म्हणजे 'बिसी', तोच बिसीबेळे भातातला. मेकॅनिक बहुधा आधी हेच विचारील, "नीरु इदेया?" म्हणजे पाणी आहे ना? त्याला नुसते "काटा बिघडलाय" असे सांगू नका. काटा हळू हलला की एकदम, गाडी उभी असताना की धावताना, आणि त्या वेळी दुसरे काय हलले, या तीन गोष्टी सांगा. शेजारच्या सीटवरील माणसाने त्या वहीत लिहून ठेवल्या तर फारच उत्तम. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात, काटा आधी दिसतो तो बाजूच्यालाच.

नव्या गाड्यांत काटा संगणकाच्या हाती असतो. थोडाफार फरक तो दाखवतच नाही, मधोमध स्थिर राहतो. म्हणून तिथे काटा मधून सरकला तर अधिक गांभीर्याने घ्यावे. काही गाड्यांत तर काटा जाऊन निळा आणि लाल असे दोन दिवेच उरले आहेत.

बाह्य वळणरस्त्यावर मेट्रोच्या निळ्या मार्गाचे खांब उभे राहिले आहेत. पण लाडू-चिवड्याच्या डब्यांसह येणारे आजी-आजोबा गाडीनेच येणार. निघण्यापूर्वी गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहावी, बेल्ट बोटाने दाबून पाहावा, एअर कंडिशनर लावून पंखा फिरतो का ते ऐकावे. पाच मिनिटांचे काम आहे. मग पुलाखाली काटा हलला, तरी तो काय म्हणतो ते शांतपणे ऐकता येईल.