उजव्या हाताची राखणदार

आजारपणातली देणी फेडून संपत नाहीत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव फाइलवर आहे, पैसे भरणाऱ्या धाकट्या दिराचं घरच्या वहीत. किमोच्या डे केअरमधल्या सिस्टरांचं नाव मात्र माझ्या कुठल्याच कागदावर नाही, आणि सगळ्यांत मोठं देणं त्यांचंच आहे.

माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या. त्या हाताला सूज येऊ नये म्हणून सुई नाही की बीपीचा पट्टा नाही. सगळी भिस्त उजव्या हातावर, आणि त्याच्या शिरा बारीक, बोटाखालून निसटणाऱ्या. सिस्टर आधी गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, मूठ आवळायला लावायच्या आणि डोळ्यांपेक्षा बोटाच्या पेराने शीर शोधायच्या. सुई आत गेलेली मला पुष्कळदा कळायचीही नाही.

सुरुवातीच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन होतं. लालभडक. ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि तिच्याखालचं मांस जळतं. म्हणून सलाईन चालू ठेवून बाजूने सिरिंजमधून हातानेच, हळूहळू द्यायचं, आणि मध्येच दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय ना, ते बघायचं. तेवढा वेळ सिस्टर स्टूल ओढून समोर बसायच्या. ''चुरचुरलं तरी सांगायचं, ताई. सोसायची सवय घरी ठेवून यायचं.'' आयुष्यभर सोसण्याचं कौतुकच ऐकलेल्या मला असं कोणी पहिल्यांदाच बजावत होतं.

पुढे मनगटापासून वर शिरा काळसर, टणक होत गेल्या. एका सकाळी त्यांनी माझ्या हातावरून कोपरापर्यंत बोट फिरवलं आणि ट्रे बाजूला सरकवला.

''आज मी सुई लावणार नाही.''

''पण तुम्हाला शीर मिळतेच की!''

''आज मिळेल हो. पुढे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आहे. बारा आठवड्यांच्या शिरा कुठून आणायच्या? डॉक्टरांशी बोलते मी. पोर्ट बसवून घ्या.''

ज्यांनी सुई लावावी म्हणून पेशंट खोळंबून बसत, त्यांनीच सुई खाली ठेवली होती. मला तेव्हा रागच आला. आणखी एक चीर, आणखी खर्च. खर्चाचं दिराने परस्पर मिटवलं. किती झाले तेही सांगितलं नाही.

उजव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, एक छोटी डबी बसली, तोच पोर्ट. तिची नळी मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या तोंडाशी जाते. तिथे रक्ताचा ओघ इतका मोठा की औषध पडताक्षणी पातळ होतं. हाताच्या शिरेसारखं भिंतीला चिकटून तिला जाळत बसत नाही. डबीवर सिलिकॉनचा पडदा असतो. साध्या सुईने त्याचे तुकडे पडतील, म्हणून टोक वाकवलेली ह्यूबर सुई वापरतात. राल्फ ह्यूबर हा अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा दंतवैद्य. त्याची सुई 1940च्या दशकातली, आणि कॅन्सरच्या पेशंटसाठी कातडीखालच्या पोर्टवरचा मिशिगन विद्यापीठातल्या नीडरह्यूबर आणि सहकाऱ्यांचा लेख 1982चा. कुणा दातांच्या डॉक्टरने घडवलेलं टोक माझ्या छातीशी कामाला आलं. त्याचंही देणं लागतेच की मी.

पण सिस्टर पोर्टची भलामण करत फिरत नव्हत्या. शेजारच्या खुर्चीत शेतात राबलेल्या एक मावशी असायच्या, हातावर दोरखंडासारख्या शिरा. त्यांचं औषध सौम्य, मुदत थोडी. त्यांनी माझं बघून विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, ''तुम्हाला कशाला? उगाच एक जखम.'' पोर्टचे धोकेही त्यांनी मला लपवले नव्हते: जंतुसंसर्ग होऊ शकतो, नळीशी गुठळी धरू शकते, उपचार नसतानाही ठरावीक मुदतीने नळी धुवून (फ्लश) घ्यावी लागते. मला तापाचा आकडा लिहून दिला होता आणि रात्री थंडी वाजली तर सकाळची वाट न पाहता निघायचं, असं दम देऊन सांगितलं होतं.

पोर्ट निघाल्यावर सिस्टरांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा घेतला, दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलली आणि रक्त तपासायला अजूनही उजवाच हात पुढे करायचा, याची आठवण दिली. तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी त्यांनी एका सकाळचं काम अडवून माझ्या पुढच्या सगळ्या वर्षांसाठी शिरा शिल्लक ठेवल्या होत्या. ओळखीतल्या कुणाला किमो सांगितली की मी आता पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारायला लावते: औषध शिरेला जाळणारं आहे का, किती महिने चालणार, आणि माझ्या हाताला तेवढं झेपेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांबरोबर सिस्टरांनाही विचारा, एवढं आवर्जून सांगते.