सात सामने

शाळेच्या क्रीडा परंपरेविषयी काही लिहावे, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम कबड्डी आणि खो-खोच्या ढाली डोळ्यांसमोर आल्या. त्या कार्यालयाच्या कपाटात मांडलेल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकास दिसतात. आम्हांस लिहावयाचे आहे ते मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या पहिल्या वर्षाविषयी, ज्याची एकही खूण त्या कपाटात नाही. त्या वर्षी आपला संघ सात सामने खेळला आणि सातही हरला.

संघ निघाला तो एका देणगीतून. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक खांब, एक बोर्ड व एक रिंग दिली. होटगीच्या आपल्या मुरमाड मैदानावर हा चेंडू नीट उसळत नाही, म्हणून वंदना सभागृहापुढे शहाबादी फरशीवर खांब उभा राहिला. मुलींना घेऊन बाहेरगावी जावयाचे तर शिक्षिका हवी, एवढ्याच कारणाने मार्गदर्शकाची जबाबदारी आमच्याकडे आली. आम्ही इतिहास शिकवितो. बास्केटबॉल आम्ही तोवर दूरदर्शनवर देखील पुरता पाहिला नव्हता.

ज्यास जे येते त्याच वाटेने तो शिरतो. आम्ही नियमांच्या पुस्तिकेआधी खेळाचा इतिहास वाचला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ काढला आणि लगेच पुढील वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयातील मुलींना तो शिकविला. मात्र मुलींना फार दमणूक होऊ नये म्हणून तिने मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपापल्या भागातच खेळावे, असा नियम घातला. हे सांगितल्यावर आमच्या मुली खूप हसल्या. पहाटे उठून कळशीने पाणी भरणाऱ्या, सुट्टीत आईबरोबर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या त्या मुली! त्यांच्या दमणुकीची काळजी कोणी केली होती?

संघात सातच जणी होत्या. बहुतेक कबड्डीच्या, दोघी खो-खोच्या. खो-खोवाल्यांचे पाय चपळ. बचाव त्यांना लवकर साधला. कबड्डीवाल्यांची मात्र पंचाईत झाली, कारण समोरचा अंगावर आला की त्याला धरावयाचे, ही सवय हाडात मुरलेली. बास्केटबॉलमध्ये त्याला फाउल म्हणतात आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. चेंडू हाती धरल्यावर एक पाय रोवून दुसऱ्या पायाने वळावे, हा नियम कोणाच्या पचनी पडेना. शेवटी आम्ही म्हटले, “एक पाय जात्याचा खुंटा समजा.” तेव्हा ते जमले. जते पाहिले नाही अशी त्यांच्यात एकही नव्हती.

पहिला सराव सामना सोलापुरात झाला. मुली मैदानावर उतरल्या आणि गोंधळल्या. अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद मैदान त्यांनी प्रथमच पाहिले. आपल्याकडे एकच रिंग, म्हणजे अर्धेच मैदान. चेंडू मिळविल्यावर पळत पलीकडे जावयाचे, हेच त्यांच्या लक्षात राहीना. त्यात प्रत्येक फेक रिंगवरून पलीकडे जाई. अर्ध्या वेळेत पंचांनी हळूच विचारले, “बाई, मुलींचा सराव कोणत्या चेंडूवर घेता?” आम्ही बाजारातून आणलेला चेंडू सात क्रमांकाचा, पुरुषांचा होता. मुलींचा चेंडू सहा क्रमांकाचा, लहान आणि हलका. दोन महिने जड चेंडूवर सवय झालेले हात हलका चेंडू कोठेतरी भिरकावीत होते. ४६-४. त्या चारांपैकी दोन गुण प्रतिपक्षाच्या फाउलवर मिळालेले. चूक सर्वस्वी आमची होती, आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये ती आम्ही मुलींपाशी कबूल केली. त्या वर्षी आम्ही कबूल केलेली ती एकमेव चूक.

दुसऱ्या सामन्यात मुलींनी एकमेकींना कानडीत खुणा करण्याची युक्ती काढली. “कोडु, कोडु!” असा घोष चालला. सोलापूरच्या मुलींनाही कानडी कळते, हे त्यांच्या ध्यानी आले तोवर मध्यंतर झाले होते.

तिसरा सामना जिल्हा शालेय स्पर्धेचा. ती बाद पद्धतीची. हरलो की परत. कबड्डीने पुन्हा घात केला. तिघींचे पाच-पाच फाउल झाले आणि अखेरचा भाग आम्ही चौघींनिशी खेळलो. मैदानावर दोघी उरेपर्यंत सामना चालू राहतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले. पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवरून कोणी तरी हसले. ते हसणे आम्हांस झोंबले आणि मैदानाबाहेर आल्यावर आमचा तोल गेला. “बाबासाहेबांचे नाव घेणारी आपली शाळा,” आम्ही म्हणालो, “आपल्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ठाऊक आहे ना? समाजाची मान खाली घालवलीत.”

मुली खाली पाहत राहिल्या. त्यांची कर्णधार, जत तालुक्यातील ऊसतोड कामगाराची नववीतील मुलगी, बुटाची नाडी सोडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाई, त्या पोरी हरल्या असत्या तर त्यांच्या बाईंनी त्यांना असं म्हटलं असतं का? कुणाची मान खाली गेली असती?”

आम्ही उत्तर दिले नाही. “बूट पिशवीत घाला, गाडीची वेळ झाली,” एवढेच म्हणालो.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात वसतिगृह काढले, आणि त्याच सभेने मुंबईत तरुणांसाठी हॉकी क्लबही चालविला, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पालवणकर बाळूंविषयीही सांगतो. पुण्याच्या मैदानावर ज्यांना चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई, त्या चर्मकार समाजातील गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्या रात्री आम्ही आमच्या जुन्या टिपणवह्या काढून पाहिल्या. त्या दौऱ्यात भारतीय संघाने निम्म्याहून अधिक सामने गमावले, हे वाक्य आमच्याच अक्षरात होते. इतक्या वर्षांत ते वर्गात आम्ही एकदाही उच्चारले नव्हते. आपली माणसे जिंकलेलीच सांगावयाची, हा आमचा शिरस्ता. पोरींच्या डोक्यावर ते ओझे आम्हीच चढविले होते.

दिवाळीपूर्वी एका महाविद्यालयाने निमंत्रितांची स्पर्धा भरविली. ती साखळी पद्धतीची होती, म्हणून हरूनही चार सामने मिळाले. जाताना पॅसेंजरमध्ये आम्ही मुलींना बाळूंच्या हरलेल्या संघाची गोष्ट सांगितली. कर्णधार खिडकीपाशी बसून ऐकत होती. तिच्याकडे पाहून “तुझे खरे होते” एवढे म्हणावयास किती वेळ लागला असता? डब्यात इतर मुली होत्या, आम्ही बाई होतो. ते राहून गेले.

शेवटचा सामना २७-१९ असा हरलो. एकोणीसपैकी अकरा गुण तिचे. सातही जणी शेवटपर्यंत खेळण्यास पात्र राहिल्या, एकीचेही पाच फाउल झाले नाहीत. शिटी झाल्यावर तिने प्रतिपक्षाच्या प्रत्येक मुलीशी हात मिळविला आणि मग पंचांना “जयभीम” केला. पंच क्षणभर थबकले आणि त्यांनीही हात जोडले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा जणी परतल्या. तिच्या आईस बाळ झाले होते. फडावर ते सांभाळावयास कोणी हवे, म्हणून टोळीबरोबर तिला नेले. ज्या मुलांना फडावर जावे लागू नये म्हणून आपले वसतिगृह आहे, त्यांतलीच ही एक. आम्ही व एक सहकारी तिच्या गावी गेलो. घरास कुलूप होते. मुकादमाने टोळी कर्नाटकात गेल्याचे सांगितले, कारखान्याचे नाव सांगितले नाही. पुढील जूनमध्येही ती आली नाही.

त्या सहा जणींपैकी एक आज परिचारिका आहे, एक पोलीस दलात, एक आपल्याच शाळेच्या पालक सभेस येते. संघ अजून चालू आहे आणि आता जिंकतोही; त्याचा वृत्तांत या अंकात अन्यत्र आहे. दुसरी रिंगही उभी राहिली आहे.

त्या वर्षीच्या संघाचे छायाचित्र सोबत दिले आहे. मध्यभागी सात क्रमांकाचा मोठा चेंडू धरून बसलेली ती हीच. आता ती तिशीच्या घरात असेल. माजी विद्यार्थी वा पालकांपैकी कोणास ती कोठे आहे हे ठाऊक असल्यास कृपया शाळेच्या कार्यालयात निरोप द्यावा. आम्हांस तिला भेटावयाचे आहे.