घाटाखालचं भाडं

२ जून
ओतूरमध्ये सकाळी भुरभुर. वायपरची रबरं बदलली. जुनी रबरं काच पुसत नव्हती, नुसती घासत होती. ताडपत्रीला तीन भोकं सापडली, ठिगळं लावायला दिली. पावसाळ्याआधीची यादी अजून बाकी: टायर, ब्रेक, बॅटरीचं पाणी, मागचे रिफ्लेक्टर.

५ जून
टॉमेटोची खेप, वाशी. रात्री आठला भरली, दीडला गाळ्यावर. हमाल लगेच मिळाले. पट्टी सकाळी शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाईल, आपल्याला त्याच्याशी काम नाही. भाडं ५,५००. डिझेल २,३०० चं गेलं.

हजार रुपये गाडीच्या डब्यात टाकले. ही म्हणते, एवढ्या लहान डब्यात एवढा मोठा टायर कसा बसायचा.

९ जून
टोकावड्याच्या पुढे समोरच्या सगळ्या गाड्यांना एलईडी. प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतं. कुणी डिपर देत नाही. काच बाहेरून पुसली, आतूनही पुसली.

१० जून
ही म्हणाली, दादाच्या ओंकारला सोबत घेत जा. म्हटलं, तो मोबाइलच बघत बसतो. म्हणाली, मग गाडीत बसून बघेल.

१३ जून
उस्मानभाईकडे गाडी. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर. एअर फिल्टर झटकला तर पायाशी मातीचा ढीग. वावरात गाडी घालायची म्हणजे हे आलंच.

ग्रीसिंग ओंकारला करायला लावलं. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारायचा, हे दाखवलं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला नीट मारलं. पाट्यांच्या शॅकलपिना राहिल्या. दुसऱ्यांदा गाडीखाली घातला. बाहेर आला तेव्हा मोबाइलवर बोटांचे काळे ठसे.

१७ जून
उदापूरचा शेतकरी अडून बसला. नव्वद क्रेट न्या म्हणे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या पिकअपवाल्याने नेले होते.

आपली पासिंग दीड टनाची. क्रेटसकट बावीस किलो धरले तर अडुसष्ट क्रेट. नव्वद म्हणजे जवळजवळ दोन टन. पकडलं तर ओव्हरलोडचा दंड २० हजारापासून सुरू, वर जादा टनामागे २ हजार. आणि दंडाचं सोडा, मढच्या पुढे उतार लागला की ते जादा बावीस क्रेट ब्रेकवर बसतात. शेतकरी म्हणाला, तुम्ही फार कायदा बोलता.

त्याने दुसरी गाडी बोलावली.

१८ जून
घरीच. पाट्यांचे यू-बोल्ट आवळले.

२१ जून
वहिनी येऊन गेल्या. ओंकार गाडीवर जातो हे कळलंय त्यांना. कॉलेजचं विचारलं, नोकरीचं विचारलं, नारायणगावच्या मोबाइलच्या दुकानात जागा आहे म्हणाल्या. घाटाचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

२४ जून
घाटात धुकं. बोगद्याच्या अलीकडे दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. हजार्ड लावून दुसऱ्या गिअरात. ओंकार काच खाली करून डावीकडची पांढरी पट्टी सांगत होता. मला धुक्यात बरं वाटतं. समोरचे दिवे मऊ होऊन येतात.

२७ जून
परतीला गाडी रिकामी, उजेड होता, वैशाखऱ्यापासून ओंकारच्या हातात दिली. वळणावर हाफ क्लच धरून बसतो. क्लचप्लेट अशीच जळते. एकदाच सांगितलं. बाकी घाटभर दरवाज्याचं हँडल धरून बसलो होतो.

वर आलो तर पिंपळगाव जोगेचं पाणी दिसलं. अजून बरंच खाली आहे.

१ जुलै
ओंकारच्या लायसनचं काढलं. त्याच्याकडे मोटारीचं आहे. एजंट म्हणाला, पिवळ्या पाटीची गाडी चालवायची तर ट्रान्सपोर्टची नोंद वेगळी करावी लागेल, करून देतो. म्हटलं, गरज नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय, साडेसात हजार किलोच्या आतली गाडी मोटारीच्या लायसनवर चालते. आपली गाडी भरून तीन टन. एजंट म्हणाला, तुम्ही पेपर फार वाचता.

हल्ली मथळेच वाचतो.

४ जुलै
शेजाऱ्याची नवी गाडी उभी. मीटरवर पिवळा दिवा, पिकअप गेलेला. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्या बीएस-६, त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी लांबच्या पल्ल्यात तापून जळते. हा दिवसभर ओतूर ते डुंबरवाडी, डुंबरवाडी ते ओतूर. जळणार कधी? उस्मानभाई म्हणाले, आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याला घाला, तासभर एका वेगात पळवा. संध्याकाळी दिवा गेला.

आपली जुनी गाडी धूर काढते, पण बोलून दाखवत नाही.

६ जुलै
आषाढी. गाडी धुतली. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं. पुढून मारलं की घाण आणखी आत जाते. ओंकारने न सांगता तसंच केलं. साबुदाण्याची खिचडी.

१० जुलै
नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. थेंब घालून बराच वेळ बसवलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा जास्त. ऑपरेशन गणपतीनंतर करू म्हणाले. कामाचं विचारलं. सांगितलं. म्हणाले, रात्रीची गाडी बंद.

बाजार रात्रीचा आहे, हे त्यांना सांगून काय उपयोग.

११ जुलै
हिला सांगितलं. ओंकारला नाही.

१३ जुलै
रविवार. घाटात धबधब्याला गर्दी. ऐन वळणावर मोटारी लावून माणसं रस्त्यात नाचतात. भरलेल्या गाडीला जागच्या जागी थांबता येत नाही, हे भिजायला आलेल्या माणसाला कळत नाही. हॉर्न मारला तर एकजण बाटली दाखवून हसला. रविवारची दिवसाची खेप यापुढे नाही.

१६ जुलै
रात्रीचा उतार पहिल्यांदाच ओंकारकडे. मी शेजारी. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे दिवसा दहादा ऐकलेलं. अंधारात, मागे ट्रक चिकटलेला असताना, पोराने तिसरा टाकला आणि पाय ब्रेकवर ठेवला. चौथ्या वळणाला वास आला.

खाली सपाटीला गाडी घ्यायला लावली. बाटलीतलं पाणी मागच्या हबपासून लांब, चाकाच्या डिस्कवर शिंपडलं. चर्र. त्याने ऐकलं. मी काही बोललो नाही. अर्धा तास थांबलो, चहा नव्हता, पाऊस होता. पुढे तो मुरबाडपर्यंत एक शब्द बोलला नाही.

काका, तुम्हीच घ्या, असं म्हणेल वाटलं होतं. म्हणाला नाही.

१९ जुलै
मागचे ड्रम उघडले. लायनर काचेसारखे गुळगुळीत, कडेला निळी झाक. उस्मानभाईंनी नखाने टकटक केलं, गेलेत म्हणाले. नवे बसवले. व्हील सिलेंडरची रबरं बदलली, एक पाझरत होतं. ब्रेक ऑइल पूर्ण काढलं. चहासारखं झालेलं. ते हवेतला ओलावा पितं. पाणी शिरलेलं ऑइल घाटात तापलं की उकळतं, पाइपात वाफ धरते, आणि पॅडल जमिनीला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच, चांगलं दिसत असलं तरी.

हवा काढायला ओंकार पॅडलवर. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत उस्मानभाईंनी त्याला उठू दिलं नाही.

डबा रिकामा. वर ६०० उसने.

२२ जुलै
ओंकारला डोळ्यांचं सांगितलं. म्हणाला, माहीत आहे. नऊ जूनपासून. म्हटलं, तू तर तेव्हा नव्हतासच. म्हणाला, काकू बोलल्या होत्या.

म्हणजे ही आधीच ओळखून होती.

२५ जुलै
मुरबाडला अडकलो. उल्हास नदी वर आली, रायत्याचा पूल बंद. पुढे मागे सगळ्या भाजीच्या गाड्या. टॉमेटो झाकून ठेवला तर वाफ धरतो, उघडा ठेवला तर भिजतो. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू हातभर वर बांधल्या, वारा खेळता ठेवला. ओंकारने बांधल्या. गाठ सुटायला सोपी, ओढल्यावर घट्ट. कुणी शिकवली विचारलं. पप्पांनी, म्हणाला.

दादाची गाठ. मला ती कधीच जमली नाही.

२६ जुलै
पहाटे पूल उघडला. पोचेपर्यंत बाजार उतरलेला. शेतकऱ्याचा फोन, भाव पडला, भाडं कमी घ्या. पाचशे सोडले. पूल माझा नाही आणि नदीही माझी नाही, पण पुढच्या खेपेला गाडी त्याच्याच बांधावर लावायची आहे.

३० जुलै
पासिंग. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत. आठ वर्षं झाली की फिटनेस दर वर्षाला, त्याआधी दोन वर्षांनी होतं. रात्रीच तयारी: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी चकचकीत पट्टी. इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, हॉर्न. ८० चा स्पीड गव्हर्नर आणि त्याचा कागद. विमा, पीयूसी, टॅक्स. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, म्हणून नवी नंबरप्लेटही बसवून घेतलेली.

ब्रेकची चाचणी ओंकारने दिली. गाडी सरळ रेषेत थांबली. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. पास.

येताना चाकणला मिसळ. पैसे त्याने दिले.

५ ऑगस्ट
ओंकार म्हणतो, मागून घूंऽऽ असा आवाज येतो. मी काच खाली करून ऐकलं. टायरचा असेल.

७ ऑगस्ट
संध्याकाळी उदापूरला गाडी लावायची होती. तोच शेतकरी, स्वतःहून फोन केलेला, अडुसष्ट क्रेट कबूल. ओंकारने किल्ली खिशात टाकली. काका, आवाज डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे वळताना कमी होतो. म्हणजे भार उजव्या चाकावर गेला की ओरडतंय. उजवं मागचं बेअरिंग. आज गाडी घाटात नाही जाणार.

म्हटलं, एक खेप होऊ दे, उद्या बघू. तो म्हणाला, उद्या बघू म्हणून मी नाही चालवणार.

आणि रात्री मी चालवू शकत नाही.

शेतकऱ्याला मीच फोन केला. जे ऐकायचं ते ऐकलं.

८ ऑगस्ट
जॅकवर घेतली. चाक वरून-खालून धरून हलवलं तर खटखट. बेअरिंग बाहेर आलं तेव्हा गोट्यांच्या रांगेत एक जागा काळीनिळी, कडा उडालेली. उस्मानभाईंनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. मग माझ्या हातातून घेऊन ओंकारच्या हातावर.

बेअरिंग, सील, मजुरी धरून २,८००. खेपेचे ५,५०० वेगळे.

९ ऑगस्ट
राखी. ओंकारच्या बहिणीने मलाही बांधली.

१४ ऑगस्ट
फायनान्सवाल्याचा मुलगा दारात. जुनी द्या, नवी घ्या, हप्ता बसवून देतो. ओंकार अंगणातच होता. त्याने महिन्याच्या खेपा, डिझेल आणि हप्ता मांडून मोबाइल त्याच्यासमोर धरला. दोन खेपा चुकल्या की हप्ता चुकतो. त्यात एखादं बेअरिंग गेलं तर काय? मुलगा कार्ड ठेवून गेला.

१९ ऑगस्ट
ऑपरेशनची तारीख मिळाली. आधी उजवा डोळा. नंतर काही दिवस वाकायचं नाही, ओझं नाही, धूळ नाही. म्हणजे गाडीच नाही.

उदापूरचा फोन आला. गाडी ठीक झाली का विचारलं. शुक्रवारी लावा म्हणाला.

२२ ऑगस्ट
वहिनी स्वतः डबा घेऊन आल्या. ओंकारला म्हणाल्या, चालवताना माझा फोन घेऊ नकोस. मग मला म्हणाल्या, भावजी, तुम्हीपण करू नका.

गाडी सहाला गेली. जाण्याआधी टायरची हवा, कूलंट, ब्रेक ऑइल, दोर, स्टेपनी. मी खाटेवरून बघत होतो. शॅकलपिनांना ग्रीस मारलं का, विचारणार होतो. हातातला पंप दिसला.

२३ ऑगस्ट
पावणेतीनला फोन वाजला. काका, गाडी खाली झाली. दाणाबाजारातून ओतूरच्या किराणावाल्याचा माल आहे, परतीचं भाडं मिळतंय. घेऊ का?

किती देतोय?

अठराशे.

वजन किती?

आठशे किलो.

अडीच हजार माग, म्हटलं. बावीसशेच्या खाली उतरू नको. आणि काट्याची पावती बघ, त्याचं तोंड नको बघू.